कऱ्हाडचा ऱ आणि ॲडव्होकेटचा ॲ

प्रश्न : ताई, मी तासगावात कोर्टाबाहेर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं टाइप करून देतो. हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकून दिलं. मशीन चांगलं पळतंय, पण मराठी लिहायला घेतलं की बोटं चुकतात. ‘कऱ्हाड’ लिहावं तर ‘कर्हाड’ उमटतं आणि वकिलांच्या नावाआधी ‘ॲड.’ऐवजी ‘ऍड.’ येतं. टाइपरायटरचा कीबोर्ड यात मिळेल का? की सरळ जुन्या फॉन्टवर परत जाऊ?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : जुन्या फॉन्टवर जाऊ नका, हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत असता, ती फक्त मराठी दिसतात. प्रिंट काढून हातात द्यायची तेवढ्यापुरतं भागतं. पण आता पक्षकार फाइलच मागतात, वकील त्यातला मजकूर उचलून आपल्या मसुद्यात घालतात, आणि तिथे तो फॉन्ट नसला की वाटणीपत्राचा पार चिखल होतो. लोकांच्या जमिनीचे कागद आहेत. ते उद्या दुसऱ्या कुणी उघडले तरी वाचता आले पाहिजेत, नावाने शोधले तर सापडले पाहिजेत. त्यासाठी युनिकोडच हवं, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत.

टाइपरायटरचा कीबोर्ड मिळतो, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. लिनक्समध्ये (तुमचं उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) मराठी टाइप करायच्या दोन वाटा आहेत. पहिली एक्सकेबी : कळ दाबली की ठरलेलं अक्षर, बस. टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना आपण आधी वेलांटी मारतो, मग क. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी त्याच्यामागून. अर्ध्या खुणेला काना लावून पूर्ण अक्षर करायची सवयही तुमच्या हातात असणार. ही उलटापालट पहिल्या वाटेने होत नाही. दुसरी वाट आयबस आणि एम१७एन या जोडीच्या प्रोग्रामांची, जी मागची-पुढची कळ बघून अक्षर जुळवते. सॉफ्टवेअरच्या यादीतून आयबस-एम१७एन टाकून घ्या, एकदा लॉग-आउट करून परत या, मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथे ‘रेमिंग्टन’ (टाइपरायटरच्या धर्तीचा कीबोर्ड) शोधा. हिंदीच्या नावाखाली तो दिसेल. आपल्याला चालतो, पण कामाला लागण्याआधी ळ आणि ऱ कुठे बसवलेत ते कोऱ्या पानावर पाहून घ्या.

तरीही माझा आग्रह इनस्क्रिप्टचा आहे, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीचा (लेआउटचा). साताऱ्यात टायपिंग शिकवताना मी हेच सांगत आले. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. ज्या कळेवर क त्याच कळेवर शिफ्टने ख, तसंच ग-घ, त-थ, प-फ. हे लेआउट १९९१च्या भारतीय मानकात आहे आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर सापडतं. मात्र दारात पक्षकार उभा असताना हात बदलू नका. दिवसा रेमिंग्टन, संध्याकाळी इनस्क्रिप्टवर पानभर सराव, असं काही काळ चालू द्या. दोन्ही एकाच यादीत राहतात, सुपर आणि स्पेस दाबलं की बदलतात. (सुपर म्हणजे खिडकीचं चिन्ह असलेलं बटण.)

आता कऱ्हाड. यात नेहमीचा र नाही, ऱ लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट आणि जे वर आहे, हलन्त (पाय मोडायची खूण) डी वर. म्हणून के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि शेवटी ड साठी चौकोनी कंसाची कळ. नुसत्या जे ने र घेतला की तो रफार होऊन ह च्या डोक्यावर चढतो. शेतकऱ्याचा, दऱ्या, दुसऱ्या, सगळीकडे हेच. काही जण र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह घालून हीच आकृती काढतात. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. एकच पद्धत धरा, ती ऱ ची.

प्रतिज्ञापत्र तुम्ही रोज लिहिता, म्हणून हेही सांगते : एक्सकेबीच्या इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ ची वेगळी कळ शोधू नका. ज, हलन्त, ञ असाच जुळवा. क्ष म्हणजे क, हलन्त, ष.

ॲ चं दुखणं जुनं आहे. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या आराखड्यात ऍ होता, आणि देवनागरीच्या मूळ लेआउटमध्ये शिफ्ट-१ वर अजून तोच बसलाय. आधी यादीत ‘मराठी (सुधारित इनस्क्रिप्ट)’ दिसतं का पाहा, दिसलं तर तेच घ्या. नसेल तर लिनक्सची खरी ताकद इथे कामाला येते : लेआउट म्हणजे साधी मजकुराची फाइल आहे, कुणालाही उघडून वाचता येते. १ च्या कळेच्या ओळीत ऍ चा क्रमांक ०९०डी लिहिलेला असतो, तिथे ०९७२ लिहिलं की शिफ्ट-१ ने ॲ येतो. भाच्याला सांगा, मूळ फाइलला हात न लावता घरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिगखाली एक्सकेबी फोल्डरमध्ये आपली प्रत करायची, कारण मूळ फाइल पुढच्या अपडेटला पुसली जाते. हे वेलंडवर (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी लिनक्समधली यंत्रणा) चालतं, उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत तेच असतं. तोवर लिब्रे ऑफिसच्या ऑटोकरेक्टमध्ये ‘ऍड’च्या जागी ‘ॲड’ अशी नोंद करून टाका.

आणि यादीत इंग्रजी सगळ्यात वर ठेवा. मराठी वर राहिलं तर लॉग-इनच्या पडद्यावर पासवर्ड मराठीत पडतो, ठिपक्यांमुळे ते कळत नाही, आणि सकाळी कोर्ट भरायच्या वेळी मशीन आत घेत नाही.