पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे सायकल चालवायला पॅड (बैठकीला शिवलेली गादी) नसलेली, घोट्यापर्यंतची फुल टाइट घेऊ का? घेताना काय बघायचं?

घ्या. आणि "सायकलसाठी घेतोयस आणि पॅड नाही?" असं विचारणाऱ्या ग्रुपमधल्या ज्येष्ठांकडे खुशाल दुर्लक्ष करा. दर नोव्हेंबरात हा वाद उकरला जातो. पॅडवाली फुल टाइट घ्या असा आग्रह धरणारे बहुतेक साडेआठला घरी पोचून दुसरा चहा घेत असतात. त्यांचं त्या टाइटमध्ये भागतं, म्हणून सगळ्यांचं भागेल असं नाही.

आपल्याकडची थंडी नऊ-साडेनऊपर्यंतच. जानेवारीत पहाटे १० अंश, दुपारी ३०. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास असतात. सहाला निघालात तर ही दोन्ही टोकं एकाच राइडमध्ये भेटतात. पॅड आतल्या शॉर्ट्सला असेल तर नाश्त्याच्या थांब्यावर वरची टाइट काढून, गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबता येते. पॅड टाइटलाच शिवलेला असेल तर काढणार काय? दुपारभर खंबाटकीच्या चढावर पोटऱ्या शिजवत बसा.

दुसरं कारण धुण्याचं. पॅड प्रत्येक राइडनंतर धुवावाच लागतो, नाहीतर जांघेत पुळ्या ठरलेल्या. थंडीत जाड पॅड रात्रभरात धड वाळत नाही. म्हणून दोन पॅडेड शॉर्ट्स आणि त्यांवर एकच बिनपॅडची टाइट हा सगळ्यात स्वस्त संच. पातळ टाइट पंख्याखाली रात्रीत वाळते, आणि जांघेत कातडीला थेट चिकटत नसल्याने दोन-तीन राइडनंतर धुतली तरी चालते. काहीजण मधला मार्ग म्हणून शॉर्ट्सवर पॅडवाली टाइट चढवतात. ते अजिबात नको. दोन पॅड एकमेकांवर सरकतात, मध्ये घडी पडते आणि वरच्या पॅडची कड मांडीला कापत राहते.

आता निवड. दुकानात जाताना आपली पॅडेड शॉर्ट्स घालूनच जा आणि टाइट तिच्यावर चढवून बघा. साइझ शॉर्ट्सचीच ठेवा. "वरून घालायची आहे" म्हणून एक साइझ मोठी घेतली की गुडघ्यामागे कापड गोळा होतं आणि तासाभरात तिथे लालभडक होतं. उलट पळणाऱ्यांची घट्ट कॉम्प्रेशन टाइट पॅडला दाबून त्याची घडी करते. ट्रायल रूममध्ये उभं राहून काही कळत नाही. स्टुलावर बसा, हँडल धरल्यासारखं पुढे वाका, एकेक गुडघा छातीकडे आणा. कंबरेमागचं कापड खाली सरकलं किंवा गुडघ्यावर ताण आला तर ती परत ठेवा. सायकलच्या टाइटची पाठ पोटापेक्षा उंच कापलेली असते, रनिंगच्या टाइटची सहसा नसते. तरी रनिंगची जर्सीखाली चालून जाते, फक्त शिवण तपासा.

शिवणीवर वेळ घालवा. टाइट उलटी करून जांघेत बघा. चार शिवणी एका बिंदूत येत असतील तर तो बिंदू नेमका सॅडलवर (सीटवर) येणार, पॅडमधूनही टोचतो. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला हवा आणि शिवणी सपाट हव्यात, बोट फिरवल्यावर उंचवटा लागू नये. कंबरेला रुंद इलॅस्टिक बरं. नाडी असेल तर तिची गाठ वाकल्यावर पोटात रुतते. ती बाजूला बांधा किंवा काढूनच टाका.

घोट्याला चेन (झिप) हवीच, आणि ती चांगली वीतभर लांब. त्याशिवाय क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट न काढता टाइट उतरत नाही, मग टपरीवर मोज्यांवर उभं राहायची वेळ येते. उजव्या घोट्याशी कापड चिमटीत धरून बघा. सैल असेल तर चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) ते खाणार. ट्रॅक पँटचं नेमकं हेच होतं. घोट्यावर चमकणारी पट्टी असेल तर उत्तम, कारण पॅडलबरोबर वरखाली होणारी चमक मागच्या ट्रकवाल्याला स्थिर दिव्यापेक्षा लवकर जाणवते.

कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टर, त्यात १५ ते २० टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा). ९५ टक्के कॉटनची लेगिंग घामाने भिजते आणि घाट उतरताना बर्फासारखी लागते. १० अंशांत ताशी २५ च्या वेगाने गेलात की अंगाला ७ अंशांसारखं जाणवतं, उतारावर ४५ ला सहाच्याही खाली. म्हणून गुडघे झाकायचे: तिथे मांस नाही, चरबी नाही, वारा सरळ सांध्यावर. पण आतून फ्लीस (लवदार उबदार अस्तर) असलेली जाड टाइट पुण्यात नको. चढावर घामाघूम व्हाल, आणि ती खिशातही मावत नाही.

ज्यांची राइड १५-२० किलोमीटरची, ऑफिसला जाण्यापुरती, त्यांनी पॅडेड शॉर्ट्स नाही घातली तरी बिघडत नाही. आत बिनशिवणीची अंतर्वस्त्रं घाला. पॅडेड शॉर्ट्सच्या आत मात्र काहीच घालायचं नसतं. बिब (खांदेपट्ट्यांच्या) शॉर्ट्स वापरत असाल तर वरची टाइट कंबरेची घ्या, दोन-दोन खांदेपट्टे सोडवत बसू नका.

हो, लेग वॉर्मर (पायांवर चढवायच्या सुट्या बाह्या) हाही पर्याय आहे, काढायला टाइटपेक्षा सोपा. पण मांडीचा घेर आणि वॉर्मरचा घेर जुळला नाही तर सिलिकॉनची पट्टी असूनही ते घसरतात. मांड्या बारीक असतील तर आधी घालून दहा-पंधरा उठाबशा काढून बघा. आणि वर जे लिहिलं ते पुणे, नाशिक, सातारा इथल्या थंडीसाठी. पारा ५ च्या खाली जातो तिथे राहत असाल तर मांडीवर आणि गुडघ्यावर वारा अडवणारं कापड लागेल, तिथे फ्लीसही चालेल, आणि दिवसभर काढायचीच नसेल तर पॅडवाल्या टाइटवरचा माझा मुख्य आक्षेपही उरत नाही.

धुताना उलटी करून गार पाण्यात, सॉफ्टनर न घालता, सावलीत वाळवा. सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम ओढत नाही, आणि गरम पाण्याने इलॅस्टेन ढिला पडतो.