वाचक विचारतात : करार ‘झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

या वेळी आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या प्रश्नांचा ढीगच आलाय. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून हा विषय सगळ्यांना अचानक अंगावर आल्यासारखा वाटतोय, आणि त्यात गेल्या दीड-दोन वर्षांत जगात इतकं काही घडलंय की नोट्स काढेपर्यंत त्या शिळ्या होतात. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे परत परत विचारलं गेलं तेवढं घेतलंय.

ताई, सिंधू पाणी करार भारताने रद्द केला ना? मी टेस्टमध्ये तसं लिहिलं तर सरांनी लाल पेनने गोल केला आणि मार्कच दिले नाहीत. पाणी तर बंद केलंय ना मग? – एक वाचक, परभणी

सरांनी बरोबर केलं. रद्द नाही केलेला, स्थगित ठेवलाय, आणि हा शब्दांचा खेळ नाही, अख्खं उत्तर त्यावरच उभं आहे.

आधी करार काय ते बघ. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या, मध्यस्थी जागतिक बँकेची. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या आपल्याला, सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला, पण त्यांच्यावरही आपल्याला काही मर्यादित वापर आहे, म्हणजे धरणात पाणी साठवून न ठेवता वाहत्या पाण्यावर वीज करता येते वगैरे. साधारण ८० टक्के पाणी तिकडे जातं. १९६५, १९७१, कारगिल, एवढं सगळं होऊन गेलं तरी कराराला कोणी हात लावला नव्हता.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं आणि दुसऱ्याच दिवशी भारताने जाहीर केलं की पाकिस्तान सीमेपलीकडून चालणाऱ्या दहशतवादाला पाठिंबा देणं खात्रीलायकपणे आणि कायमचं सोडत नाही तोपर्यंत करार स्थगित. आता रद्द का नाही म्हटलं? कारण करारात एकतर्फी बाहेर पडायचं कलमच नाही. बाराव्या कलमात लिहिलंय की दोन्ही सरकारांनी मिळून नवा करार करून हा संपवेपर्यंत हा चालू राहील. त्यामुळे पाकिस्तान म्हणतं की स्थगिती वगैरे करारात कुठेच नाही, आणि भारताचं म्हणणं असं की ज्या परिस्थितीत करार केला ती परिस्थितीच राहिली नाही. दोन्ही बाजू लिही, मग तुझं मत लिही.

आणि ‘पाणी बंद केलं’ हे तर अजिबात लिहू नकोस बाबा. चिनाबवर बगलीहार, सलाल ही जी धरणं आहेत ती वाहत्या पाण्यावरची आहेत, त्यांच्यात एवढं पाणी अडवून ठेवायची जागाच नाही. नदी म्हणजे काय घरातला नळ आहे का फिरवला की बंद. प्रत्यक्षात काय बदललं, तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या सिंधू आयोगाचं काम थांबलं, पाण्याची आकडेवारी देणं थांबलं, गाळ काढायला धरण कधी रिकामं करायचं यावरची बंधनं आपण पाळेनासे झालो. ऑगस्ट २०२५ मध्ये तावी नदीला पूर येतोय हे भारताने पाकिस्तानला कळवलं, पण सिंधू आयोगामार्फत नाही, इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकी म्हणून. ही छोटीशी बातमी होती, बहुतेकांनी वाचून सोडून दिली, पण ‘स्थगित’ म्हणजे काय ते मला विचाराल तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. उत्तरात हे एक वाक्य टाक आणि बघ.

ब्रिक्स, एससीओ, क्वाड... कोण कुठे आहे याची भेळ होते डोक्यात. काही ट्रिक आहे का? आणि ब्रिक्सचे सदस्य दहा का अकरा, प्रत्येक पुस्तकात वेगळं आहे. – एक वाचक, सातारा

ट्रिक आहे आणि ती फक्त मराठीत चालते. जुने पाच तर नावातच आहेत, ब्राझील, रशिया, इंडिया, चायना, साउथ आफ्रिका. नवे लक्षात ठेवायचे तर चार ‘इ’ आणि एक अमिरात : इराण, इजिप्त, इथिओपिया, इंडोनेशिया आणि यूएई. इंडोनेशिया जानेवारी २०२५ मध्ये आला, बाकीचे चार १ जानेवारी २०२४ पासून. झाले दहा. अकराव्याचा घोळ सौदीमुळे आहे, २०२३ च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्यांना बोलावणं गेलं, पण ते धड हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात, म्हणून कोणी मोजतं कोणी मोजत नाही. अर्जेंटिनालाही बोलावलं होतं, तिथे मिलेई निवडून आले आणि त्यांनी सरळ नाही कळवलं. बोलावणं येणं आणि सदस्य होणं यात फरक आहे, लग्नाची पत्रिका आली म्हणजे माणूस जेवून गेला असं होत नाही. शिवाय २०२४ च्या कझान परिषदेपासून ‘भागीदार देश’ असा वेगळा पाट मांडलाय, त्यात मलेशिया, थायलंड, क्युबा, नायजेरिया वगैरे बसतात. ते सदस्य नाहीत. प्रिलिमला गळ इथेच टाकतात.

एससीओमध्ये (शांघाय सहकार्य संघटना) दहा : चीन, रशिया, मध्य आशियातले चार (कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान नाही!), भारत-पाकिस्तान २०१७ पासून, इराण २०२३, बेलारूस २०२४. मुख्यला मात्र यादी कोणी विचारत नाही, विचारतात की पाकिस्तान आणि चीन दोघंही बसलेत त्या टेबलावर आपण करतो काय. याला २०२५ चं वर्ष पुरेसं आहे. जूनमध्ये चिंगदाओला संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली, मसुद्यात पहलगामचा उल्लेखच नव्हता, राजनाथ सिंह यांनी सही केली नाही, आणि तिथे सगळं एकमताने चालत असल्यामुळे संयुक्त निवेदनच निघालं नाही. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला तिआनजिनच्या जाहीरनाम्यात पहलगाम हल्ल्याचा निषेध आला. म्हणजे आत बसून नकार देता येतो, बाहेर राहून येत नाही. आपल्या शेजारी गोव्यातही मे २०२३ मध्ये याच संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली होती, तेव्हा बिलावल भुट्टो आले होते, पाकिस्तानी परराष्ट्रमंत्री भारतात येण्याची ती १२ वर्षांतली पहिली वेळ. आले, जयशंकर यांनी लांबून नमस्कार केला, आणि द्विपक्षीय बैठक काही झाली नाही.

क्वाडला करार नाही, सचिवालय नाही, ती लष्करी युती नाही. भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, संपलं. ऑकस (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका) वेगळं, त्यात आपण नाही.

एफ्टा बरोबरचा व्यापार करार २०२४ चा का २०२५ चा? दोन क्लासच्या नोट्समध्ये दोन सालं आहेत. – एक वाचक, अमरावती

दोन्ही बरोबर. १० मार्च २०२४ ला सही झाली, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. हेच मी कधीपासून सांगतेय की बातमीत क्रियापद बघा. बोलणी सुरू झाली, बोलणी पूर्ण झाली, सही झाली, संसदेने मंजुरी दिली, अंमल सुरू झाला, या सगळ्याला आपण मराठीत सरसकट ‘करार झाला’ म्हणतो आणि तिथेच गोची होते. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली, त्या दिवशी लागू नाही झाला. वहीत प्रत्येक करारापुढे दोन रकाने करा, सही आणि अंमल. दुसरा रिकामा असेल तर रिकामाच राहू द्या, भरायची घाई नको.

बाकी एफ्टा म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन, हे युरोपियन युनियनमध्ये नाहीत. १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट त्यात लिहिलंय ही त्याची खासियत.

आयसीजे आणि आयसीसी, दोन्ही हेगलाच, दोन्ही कोर्टच. इस्रायलवर नक्की कुठल्या कोर्टात केस आहे? – एक वाचक, लातूर

दोन्हीकडे आहे, म्हणूनच गोंधळ.

आयसीजेमध्ये (आंतरराष्ट्रीय न्यायालय) देश विरुद्ध देश. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे, १५ न्यायाधीश, ९ वर्षांची मुदत. तिथे डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर वंशसंहारविरोधी कराराखाली दावा लावला. आयसीसीमध्ये (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) माणसावर खटला चालतो, देशावर नाही, ते संयुक्त राष्ट्रांचं अंग नाही, रोम कराराने २००२ पासून चालू झालंय. तिथून नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतन्याहूंवर वॉरंट निघालं, त्याआधी मार्च २०२३ मध्ये पुतिनवर. वॉरंट निघालं म्हणजे अटक झाली नाही हे परत सांगते, कारण कोर्टाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, सदस्य देशांनी धरून द्यायचं. फिलिपिन्सने मार्च २०२५ मध्ये आपलेच माजी अध्यक्ष दुतेर्ते धरून दिले. भारत, अमेरिका, चीन, रशिया यातला कोणीच सदस्य नाही.

मराठी मुलांना आयसीजे समजून घ्यायला आपल्या घरचंच उदाहरण आहे, कुलभूषण जाधव, ज्यांना पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली. भारत ८ मे २०१७ ला कोर्टात गेला, हरीश साळवेंनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल आला (सोळावे म्हणजे पाकिस्तानने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश). पण निकाल काय होता? सुटका करा असं कोर्टाने म्हटलंच नाही, तेवढी भारताची मागणी मान्य झाली नाही. दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेटू न देऊन पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला, आता भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा निकाल. तेव्हा ‘केस जिंकलो’ म्हणून पेढे वाटले गेले आणि जिंकलोच होतो, पण जाधव अजून तिथेच आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मर्यादा असा प्रश्न आला तर यावर दोन परिच्छेद सहज होतात.

चाबहार, आयएनएसटीसी आणि आयमेक या तिन्हीत नेमका फरक काय? – एक वाचक, रत्नागिरी

नकाशा काढ. खरंच काढ, पेन्सिलने, मी थांबते.

आयएनएसटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग, मुंबईहून समुद्राने इराण, तिथून कॅस्पियनकडे, पुढे रशिया, ७,२०० किलोमीटर, करार २००० सालचा. चाबहार हे इराणचं बंदर ओमानच्या आखातावर आहे, म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर, हा मुद्दा फार मोलाचा, आणि पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तानात पोचायची वाट तीच. आयमेक, म्हणजे भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक कॉरिडॉर, मात्र इराणला टाळून जातं, भारतातून समुद्राने यूएई, मग रेल्वेने सौदी, जॉर्डन, इस्रायलमधलं हैफा, आणि पुन्हा समुद्राने युरोप. दिल्लीच्या जी-२० मध्ये ९ सप्टेंबर २०२३ ला त्याचा सामंजस्य करार झाला आणि महिन्याच्या आत हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्याचा ७ ऑक्टोबर उजाडला. सामंजस्य करार कायद्याने बांधील नसतो, तेव्हा ‘कॉरिडॉर सुरू झाला’ लिहायचं नाही.

चाबहारबद्दल माझीच फजिती सांगते. मॉक इंटरव्ह्यूला मी ठसक्यात म्हणाले होते, भारताने चाबहार बंदर घेतलं. समोरचे सर शांतपणे म्हणाले, बंदर का टर्मिनल? मला घामच फुटला. आपल्याला शहीद बेहेश्ती टर्मिनल फक्त चालवायला मिळालं, मे २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी करार झाला, मालकी इराणचीच. आणि ते चालवणारी इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी मुळात आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटीने आणि कांडला बंदराने मिळून काढलेली. अमेरिकेने निर्बंधातली सूट सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी परत दिली, पुढचं परीक्षेच्या आधी बघून घे.

स्ट्रॅटेजिक ऑटोनॉमीला मराठीत काय लिहायचं? – एक वाचक, पुणे

सामरिक स्वायत्तता (कुठल्याही गटाला बांधून न घेता आपले निर्णय आपण घेणं) लिही किंवा सरळ देवनागरीत स्ट्रॅटेजिक ऑटोनॉमी लिही, तपासणाऱ्याला दोन्ही कळतं. नुसता शब्द टाकून पुढे पळू नकोस एवढंच. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या कारणाने अमेरिकेने आणखी २५ टक्के टॅरिफ लावून एकूण ५० केलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी पंतप्रधान आधी जपानमध्ये आणि लगेच पुढे सात वर्षांनी चीनमध्ये. एका आठवड्यातलं हे वेळापत्रक लिहिलंस की व्याख्या पाठ करायची गरज नाही.

दुरुस्ती : मागच्या वेळी या सदरात ‘फिनलंड आणि स्वीडन एकत्रच नेटोत गेले’ असं छापून आलं. नाशिकच्या एका वाचकाने बरोबर पकडलं. अर्ज दोघांनी एकत्र केला होता, मे २०२२ मध्ये. फिनलंडला ४ एप्रिल २०२३ ला प्रवेश मिळाला, स्वीडनला तुर्की आणि हंगेरीने अडवून धरलं, ते ७ मार्च २०२४ ला ३२ वे सदस्य झाले. क्रियापद बघा म्हणून सगळ्यांना सांगणारी मीच चुकले, माफी असावी.