जुन्या थारचा क्लच आणि मुलीची एसआयपी

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वय 45. माझ्याकडे नोव्हेंबर 2012 ची थार आहे, 1 लाख 31 हजार किलोमीटर झालेली. गायमुखच्या चढावर क्लच घसरतो, रिव्हर्स टाकला की खालून ‘टक्’ असा आवाज येतो, साठच्या पुढे मागून घूंऽऽ सुरू होतं. पुढच्या एक्सलचे बूटही (सांध्यावरची रबरी आवरणं) फाटलेत. गेल्या वर्षी मोठे मड टायर (चिखलासाठीचे) टाकले. वर्षातून दोन-तीनदा माळशेजच्या बाजूला फोर बाय फोर लावतो, लिव्हर आपोआप सुटत नाही. गॅरेजने 1,68,000 रुपयांचं कोटेशन दिलंय, फोटो सोबत आहे. आहे तशी विकली तर 4,25,000 मिळतायत. काम करून घेतलं तर साडेपाच लाखांना जाईल असं मला वाटतं. बायको म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, काढून टाका. पगार हातात 92,000, घराचा हप्ता 31,000, मुलगी दहावीत, तिच्या इंजिनीअरिंगसाठी 12,000 ची एसआयपी. अडीअडचणीसाठी 2,10,000 ची एफडी, बचत खात्यात 48,000. चौदा महिने एसआयपी थांबवली की हा खर्च बरोबर निघतो. थांबवू का? की चौदा लाख कर्ज काढून नवीच फोर बाय फोर घेऊ?

उत्तर: आधी त्या साडेपाच लाखांचं बोलू, कारण तुमचं बाकीचं गणित त्यावर उभं आहे. जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस रंग बघतो, टायर बघतो, बॉनेट उघडून मान डोलावतो आणि एक चक्कर मारतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आत नवं बेअरिंग आहे म्हणून तो लाखभर जास्त देत नाही. क्लच घसरत असेल तर भाव पाडून मागतो, क्लच चांगला असेल तर नेहमीचा भाव देतो, इतकंच. म्हणजे 1,68,000 पैकी विकताना वसूल होईल असा भाग थोडाच, आणि तोही मुख्यतः क्लचचा. विम्याचंही तसंच. झिजलेल्या भागांचा खर्च मोटार विम्यात बसत नाही, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. डिफरन्शियलची (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाची) पावती दाखवून ती वाढत नाही.

तेव्हा ही गुंतवणूक नाही. हा छंद आहे, आणि छंद आहे एवढं घरात मोकळेपणाने कबूल केलं की वहिनींशी होणारी निम्मी वादावादी संपेल. महिन्याला 92 हजार घरी आणणाऱ्या माणसाला एक छंद असायला माझी काही हरकत नाही. माझ्या घरी सतार आहे, आठ वर्षांत दोनदा वाजली. फक्त छंदाचे पैसे कुठून येतात ते बघायचं.

मुलीच्या एसआयपीतून ते येणार नाहीत. चौदा गुणिले बारा बरोबर एक लाख अडुसष्ट, हा आकडा इतका चपखल जमला की मलाही क्षणभर पटला. पण मुलगी दहावीत आहे, म्हणजे पहिली मोठी फी अडीच वर्षांच्या आत दारात उभी. त्यातले चौदा महिने तुम्ही रिकामे सोडणार. आणि विषय निघालाच आहे तर, ते सगळे पैसे अजून इक्विटी फंडात असतील तर एवढ्या जवळ आलेल्या खर्चासाठी ते तिथे ठेवणं मला पटत नाही. थोडे थोडे करून सुरक्षित जागी हलवायला याच वर्षी सुरुवात करा. हे काम थारपेक्षा तातडीचं आहे, तुम्ही विचारलं नसलं तरी.

एफडीलाही हात नको. एसआयपी सोडली तर तुमचा महिन्याचा खर्च ऐंशी हजारांच्या आसपास जातो, म्हणजे 2,10,000 हे जेमतेम अडीच महिने. ती मुळातच कमी आहे.

नवी गाडी? चौदा लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता सुमारे 22,900 आणि एकूण व्याज सव्वापाच लाखांच्या घरात. घराच्या हप्त्यात मिळवलं की निम्म्याहून जास्त पगार बँकेत. हा पर्याय इथेच संपला.

आता कोटेशन. तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट वाचला. क्लचचं काम 38,000. दोन्ही प्रॉपेलर शाफ्टचे (पुढच्या-मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस, म्हणजे सांधे, 14,000. मागच्या डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन (दातेरी चक्रांची जोडी), बेअरिंग आणि सील 46,000. ट्रान्सफर केस उघडून चेन-बेअरिंग 42,000. पुढचे एक्सल, जॉइंट आणि बूट 28,000. गॅरेजवाल्याने पाचही कामं एका दमात लिहिली आणि तुम्हीही ती एका दमात वाचली. ही पाच वेगळी कामं आहेत आणि पाचांची निकड वेगळी आहे.

क्लच आत्ता करा. घसरणारा क्लच तापून फ्लायव्हीललाही खातो, आणि एखाद्या संध्याकाळी गायमुखला मागे कंटेनर असताना गाडी चढेनाशी झाली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. यात एक गोष्ट पैशाची आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरवण्या-चढवण्याचाच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकची मागची ऑइल सील एकाच खेपेला बदलून घ्या. सील वाचवली आणि सहा महिन्यांनी गळायला लागली तर तीच मजुरी दुसऱ्यांदा भराल.

क्रॉसही आत्ता. तो ‘टक्’ बहुतेक त्यांचाच, आणि धावत्या गाडीचा शाफ्ट सुटला तर प्रश्न पैशांचा राहत नाही. पुढच्या बाजूला मात्र पूर्ण 28,000 देऊ नका. बूट फाटला की आतलं ग्रीस उडतं, चिखल-वाळू शिरते आणि मग जॉइंट जातो. गाडी पूर्ण वळवून चालवताना कटकट आवाज येत नसेल तर जॉइंट अजून शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. जॉइंट साफ करून नवं ग्रीस आणि बूट एवढ्याचा वेगळा दर मागा; मी मजुरीसह 9,000 धरतो. म्हणजे पहिला टप्पा 61,000. बचत खात्यातून चाळीस घ्या, उरलेले बाकीचे खर्च आवरून पगारातून दोन-तीन महिन्यांत. कामही तसंच पाडा: आधी क्लच, मग क्रॉस आणि बूट, पण पावसाळ्याच्या आत.

डिफरन्शियलचे 46,000 मात्र मी आज देणार नाही. गेल्या वर्षी मोठे मड टायर टाकल्याचं तुम्ही लिहिलंय. ते टायर डांबरी रस्त्यावर स्वतःच घूं घूं करतात. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाज पुढे आला तर गुन्हेगार सापडला, खर्च जवळपास शून्य. जागचा हलला नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर सूर बदलत असेल, तर संशय डिफरन्शियलवर. मग तुमच्यासमोर ऑइल काढायला सांगा आणि बोटांवर घेऊन उन्हात धरा. चकाकणारे कण दिसले, चिमटीत कचकच लागली, तर उघडायची वेळ आली. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. क्राउन आणि पिनियन बदलायचे झाले तर जोडीनेच बदलावे लागतात, म्हणून खर्च मोठा. पण नुसतं बेअरिंग आणि सेटिंगवर भागलं तर खूप कमी.

ट्रान्सफर केस राहू द्या. वर्षातून दोन-तीनदा माळशेजच्या बाजूला फोर बाय फोर लावता, लिव्हर आपोआप सुटत नाही असंही म्हणता. ऑइल बदला आणि विसरा. फक्त कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावायची सवय असेल तर मोडा. या थारला मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण क्रॉस आणि ट्रान्सफर केस सोसतात. मोठ्या टायरांमुळे क्लचवरही भार वाढतो. आजच्या कोटेशनचा थोडा भाग गेल्या वर्षीच्या त्या टायरांचा आहे, असं मी खात्यात लिहीन.

डिफरन्शियल खरंच गेलं असं धरलं तरी बेरीज 1,07,000. तीन वर्षांवर टाकली तर महिन्याला तीन हजार, वर सर्व्हिस आणि किरकोळ कामांचे तितकेच. सहा-साडेसहा हजारांचा छंद. तुमच्या कमाईला हा पेलतो, त्यापुढे नाही. वर्षाला 75,000 ही सीमा वहिनींच्या समोर ठरवा. ती ओलांडली की त्या म्हणतील तेव्हा गाडी जाईल.

पण तीन वर्षं मिळणार का? नोव्हेंबर 2027 ला नोंदणीची पंधरा वर्षं भरतायत. पुढे फिटनेस तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. एप्रिल 2022 पासून खासगी चारचाकीची ती फी 600 वरून 5,000 झाली, शिवाय पर्यावरण कर. हा खर्च किरकोळ, खरा अडसर गंजाचा. म्हणून क्लचच्याही आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि चासीला हातोडीने ठोकून बघा, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी. काशीद-नागावच्या वाळूत जाऊन आलेल्या गाडीचा पत्रा वरून ठीक दिसतो. ठण् वाजला तर पुढचं सगळं करा. भद्द वाजला, खपली पडली, तर एक रुपयाही न घालता 4,25,000 घ्या. एफडी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी करा, उरलेले मुलीच्या नावावर टाका. आणखी एक सावट: मुंबई महानगर क्षेत्रातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे बघायला राज्याने जानेवारी 2025 मध्ये समिती नेमली. दिल्लीसारखा डिझेल गाड्यांना दहा वर्षांच्या मर्यादेचा नियम आपल्याकडे लागू नाही, पण उद्या लागलाच तर एमएच-04 च्या जुन्या डिझेलला गिऱ्हाईक शोधावं लागेल. म्हणून पाच वर्षांचं गणित मी मांडलंच नाही.

आणि कोटेशनच्या तळाशी पार्ट्सवर जीएसटी 28 टक्के लावलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 आहे. लाखाच्या मूळ किमतीमागे दहा हजार. आजच फोन करा, सुधारलेलं कोटेशन मागा, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून द्यायला सांगा.