अँथनी व्होल्पी हा डेरेक जीटरपेक्षा चांगला रूकी होता का? मुलासाठी कोणाच्या नंबरचा शर्ट घेऊ?

तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल टीमच्या या दोन शॉर्टस्टॉपांची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा फील्डर) फक्त पहिली, म्हणजे रूकी वर्षं शेजारी ठेवली तर कोण सरस, आणि आठ वर्षांच्या मुलाला जीटरचा 2 नंबर घ्यावा की व्होल्पीचा 11. प्रश्न साधा आहे, पण याच तुलनेवरून माझं आणि माझ्या मोठ्या साडूंचं धड बोलणं राहिलेलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार.

बॅटिंगमध्ये जीटर, यात वाद नाही. 1996 मध्ये 157 मॅच, 183 हिट, .314 ची सरासरी (दर हजार संधींत 314 हिट), एकमताने रूकी ऑफ द इयर आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद. व्होल्पीची 2023 ची सरासरी .209, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) 167. पण त्याच वर्षी त्याने 21 होमर (बॉल थेट मैदानाबाहेर) मारले आणि 24 बेस चोरले, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला; यालाच स्टील म्हणतात. एकाच सीझनमध्ये वीस होमर आणि वीस स्टील हे यांकीजच्या एकाही रूकीला त्याआधी जमलं नव्हतं. शिवाय गोल्ड ग्लव्ह हा उत्तम फील्डिंगचा पुरस्कार, तोही यांकीजच्या रूकीला पहिल्यांदाच. जीटरला पहिला गोल्ड ग्लव्ह मिळायला 2004 उजाडलं होतं. फील्डिंगमध्ये व्होल्पी, आणि तेही बऱ्याच फरकाने.

आता साडूंकडे येतो. मी 1998 साली न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जुन्या यांकी स्टेडियमला मला पहिल्यांदा नेलं ते साडूंनीच. शेंगदाण्यांची सालं पायाशी टाकत त्यांनी मला नऊ इनिंगमध्ये सगळा खेळ समजावला, आणि जीटर बॅटिंगला आला की म्हणाले, "आता बोलायचं नाही, नुसतं बघायचं." उजवा हात वर करून अंपायरला थांबवायची त्याची ती सवय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढची सोळा वर्षं आम्ही दोघं जीटरचेच. 9 जुलै 2011 ला त्याने होमर मारून 3000 वा हिट पूर्ण केला आणि त्या दिवशी पाचपैकी पाच हिट मारले, तेव्हा साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे जीटर मला कमी प्रिय आहे असं कोणी समजू नये.

माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते, शॉर्टस्टॉपला. 30 मार्च 2023 ला, व्होल्पीच्या पहिल्या मॅचला, तिची शाळा बुडवून मी तिला ब्राँक्सला, यांकी स्टेडियमवर, घेऊन गेलो. दुपारची मॅच, पण थंडी अशी की हातमोज्यांतही बोटं गारठलेली. 203 नंबरच्या सेक्शनमधली मंडळी पहिल्या इनिंगला एकेका फील्डरचं नाव घेऊन ओरडतात, तो वळून हात करेपर्यंत थांबत नाहीत. व्होल्पीचं नाव सुरू झालं तशी माझी अकरा वर्षांची पोर बाकावर उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडली. त्या मॅचमध्ये त्याला हिट मिळाला नाही. वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकटचा पहिला बेस) मिळाला आणि त्याने लगेच दुसरा बेस चोरला. तेवढ्यावर ती खूश. त्याच आठवड्यात 11 नंबरचा शर्ट घरी आला.

मग मे-जून. व्होल्पीची बॅट चालेना. साडूंचे मेसेज सुरू झाले, "याला परत स्क्रँटनला पाठवा." (स्क्रँटन म्हणजे यांकीजची खालची, मायनर लीगमधली टीम.) मी गप्प बसलो. त्या वर्षी गणपती साडूंकडे होते. आरती झाली, पानं वाढली, पंधरा-वीस माणसं बसलेली. मुलीने तोच शर्ट घातला होता. तो बघून साडू म्हणाले, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. हा काही जीटर नव्हे, सांगून ठेवतो." इथवर ठीक होतं. पण पुढे तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझी ताई तुझ्या वयाची होती तेव्हा ऑल-स्टार टीममध्ये होती. तू अजून ग्राउंडर सोडतेस म्हणे." ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल. ताई म्हणजे त्यांची मुलगी, हिची मावसबहीण, हिच्याहून सात वर्षांनी मोठी.

मुलगी काही बोलली नाही. पानातला मोदक तिने बोटाने मधोमध दाबला, तूप बाहेर आलं, आणि ती उठून गेली. मग दोन आठवडे तिने ग्लव्हला हात लावला नाही.

तेव्हा पाहुण्यांदेखत मला जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो. साडूंनी ज्या पाळण्याचा दाखला दिला, त्या पाळण्यात जीटरचे पाय काय दिसत होते? 1993 साली ग्रीन्सबरोच्या मायनर लीग टीममध्ये त्याने एका सीझनमध्ये 56 एरर (फील्डिंगच्या चुका) केले होते. छप्पन्न! 29 मे 1995 ला सिॲटलमध्ये मेजर लीगची पहिली मॅच, पाचपैकी शून्य. थोड्याच मॅच खेळवून त्याला परत खाली पाठवलं. 1996 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये मालकांच्या सल्लागारांनाच तो तयार वाटत नव्हता, आणि मारियानो रिव्हेराला (पुढे महान ठरलेला पिचर) देऊन सिॲटलकडून फेलिक्स फर्मिन हा शॉर्टस्टॉप आणायचं घाटत होतं. ते झालं असतं तर जीटरही नाही आणि रिव्हेराही नाही. साडूंना आठवतो तो 3465 हिटवाला जीटर, 397 पैकी 396 मतं घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. तो पुरा झालेला माणूस. त्याच्याशेजारी एकवीस वर्षांचं पोर उभं करायचं आणि वर पाळण्यातल्या पायांच्या गोष्टी सांगायच्या, हा सरळ अन्याय आहे. हेच मुलींच्या बाबतीत.

आणि शॉर्टस्टॉपचे पाय खरंच बघण्यासारखे असतात. पिचरच्या हातून बॉल सुटतो त्याच वेळी व्होल्पी एक छोटी उडी मारून दोन्ही पायांवर हलका होतो, म्हणून त्याचं पहिलं पाऊल लवकर पडतं. मी मुलीला मागच्या अंगणात तेवढंच शिकवलं. उजवीकडे आलेल्या बॉलला ती आधी हात लांबवायची आणि पाय मागे राहायचे. रोज पन्नास ग्राउंडर मारले. आता ती पोचते.

काही गोष्टी राहिल्या. 1996 मध्ये अख्ख्या मेजर लीगची सरासरी .270 होती आणि 2023 मध्ये .248, तेव्हा .209 आणि .314 यांतलं अंतर दिसतं त्याहून थोडं कमी धरा. उलट, 2023 पासून बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले आणि पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायला केलेल्या थ्रोवर) मर्यादा आली, त्यामुळे त्या 24 स्टीलमध्ये नव्या नियमांचाही हात आहे. आणि पुढचं खरं सांगायचं तर 2024 च्या वर्ल्ड सिरीजमधला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमर) सोडला तर व्होल्पीची बॅट अजून हवी तशी चाललेली नाही. 2025 मध्ये .212, एरर 19, खांदा दुखावलेला, घरच्याच मैदानावर लोकांची हुर्यो. बॅटिंगबद्दल साडूंचं भाकीत आजवर खरं ठरलंय, हे मी मान्य करतो. पानावर बसलेल्या पोरीला ते जे बोलले ते मात्र मला अजून मान्य नाही.

शर्टाचं म्हणाल तर यांकीजच्या खऱ्या जर्सीवर नाव नसतंच, फक्त नंबर असतो. 2 नंबर 2017 पासून निवृत्त आहे, तो पुन्हा कोणी घालणार नाही. मुलगा मैदानावर ज्याला शोधणार आहे तो 11 घालतो, तेव्हा 11 घ्या. पण आधी त्याला विचारा, त्याच्या मनात तिसराच कोणी असेल. आणि एक साइज मोठा घ्या, एप्रिलमध्ये ब्राँक्सला आत जाड स्वेटर लागतो.