'हे बघा' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मी झेडपीच्या शाळेत शिकवते, यंदा तिसरीत एक पूर्ण अंध मुलगी आलीय. ट्रेनिंग काहीच नाही, सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, आधी बोलणं बदला. 'हे बघा, यातून हे वजा' असं आपण फळ्याकडे बोट करून म्हणतो ना, त्यातलं तिला काय कळणार, म्हणून लिहिताना प्रत्येक आकडा मोठ्याने बोला. मग ब्रेल, म्हणजे बोटांनी चाचपून वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी. एका अक्षराच्या घरात सहाच ठिपके, क म्हणजे १ आणि ३ नंबरचा, पण ब्रेल पाटीवर कागद लावून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं कारण वाचताना कागद उलटतात, सुरुवातीला डोकं फिरतं, फिरू दे! गणिताला टेलर फ्रेम मागवा, म्हणजे भोकांत छोटे खिळे बसवून आकडे मांडायची पाटी. रीतसर शिकायचं तर दृष्टिदोषातलं स्पेशल बीएड आहे, कॉलेजला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता आहे ना तेवढं बघून घ्या.