बिशपांचंही एकमत नव्हतं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी नाना रूपांनी येते. ‘सासूबाईंचा उपास मी धरला नाही, काही वाईट तर होणार नाही ना?’ ‘सत्संगातल्यांनी सांगितलं त्याला मत दिलं नाही, तेव्हापासून झोप नाही.’ धर्म कुठलाही असो, आपल्या माणसांशी मत जुळलं नाही की आपली श्रद्धाच पातळ झाली, असं माणसाला वाटू लागतं.

यातले सगळ्यांत विद्वान म्हणजे एक कॅथलिक प्राध्यापक. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) मूळचे वसईकडचे, धर्मशास्त्राचे अभ्यासक. निवडणुकीआधी समाजातल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेऊन एका उमेदवाराचं नाव ठरवलं. यांनी दुसऱ्याला मत दिलं. तेव्हापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे, पण कम्युनियन, म्हणजे तिथला पवित्र प्रसाद, घेत नव्हते. बोलताना डाव्या तर्जनीवरची शाई अंगठ्याच्या नखाने खरवडत राहायचे.

“मॅडम, कॅथलिक असणं म्हणजे एक शरीर असणं. मी फुटलो.”

सुरुवातीच्या बैठकांत ते मला पाठच देत. 1864 मध्ये पोप नववे पायस यांनी आधुनिक काळाच्या ‘चुकां’ची यादी काढली. कॅथलिक धर्म हाच राज्याचा एकमेव धर्म असण्याची आता गरज नाही, हे मत त्या यादीत चूक ठरलं. आणि 7 डिसेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या (चर्चच्या प्रांतप्रमुखांच्या) सभेने, धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. मी ऐकत राहिले. विद्वान माणूस ज्ञानाच्या भिंतीआड बसतो. ती पाडायची नसते, तिच्यातलं दार त्यालाच सापडू द्यायचं असतं.

एके दिवशी मी साधंच विचारलं, “मंजूर केला म्हणजे? सगळे हो म्हणाले?”

“नाही. 2308 बाजूने, 70 विरुद्ध.”

“मग त्या सत्तर जणांना कम्युनियन बंद झालं?”

नख थांबलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “नाही. त्या मतासाठी कुणालाच नाही.” मग त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. “विरोधकांचे पुढारी आर्चबिशप लफेव्र 1988 मध्ये बहिष्कृत झाले. पण ते पोपची परवानगी नसताना बिशप नेमले म्हणून.”

“तुम्ही काय नेमलंत?”

पहिल्यांदाच हसले.

पुढचं त्यांनीच मांडलं. श्रद्धेचं सत्य बहुमताने ठरत नाही, हे ते आजही ठामपणे मानतात. पण उमेदवार हे श्रद्धेचं सत्य नव्हे. त्याच परिषदेच्या आणखी एका दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय, की अशा बाबतींत प्रामाणिक श्रद्धावंतांची मतं वेगळी असू शकतात आणि कुणीही चर्चचा अधिकार फक्त आपल्याच मतामागे उभा करू नये. “हे मी वर्गात शिकवतो,” ते पुटपुटले. आपल्या घटनेचं पंचविसावं कलमही सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी सांगतं, धर्म पाळण्याचं नंतर. लोकशाही हे आपल्या श्रद्धेवरचं आक्रमण नाही, विवेकाला मिळालेली मोकळी जागा आहे, ही समज त्यांची स्वतःची. मी फक्त सत्तर जणांबद्दल विचारलं. तो प्रश्न मला सुचला, याचा आनंद मात्र आहे.

माझ्या मते त्यांना श्रद्धा आणि लोकशाहीतला वाद छळत नव्हता. ‘माझ्या माणसांशी माझं कधीच दुमत होता कामा नये’ हा हट्ट छळत होता. दुमत झाल्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. ते सोसता येतं. त्याला पाप म्हटलं, की सोसवेनासं होतं.

म्हणून अशी टोचणी लागलेल्यांना मी विचारते: तुम्ही नेमकं काय मोडलंत? धर्माची आज्ञा, की बैठकीतला ठराव? आज्ञा वाटत असेल तर ती कुठे सांगितली आहे, ते जाणकाराला विचारा, मावशीला नको. विवेक म्हणजे मनाला येईल ते नव्हे. त्यालाही वाचन लागतं, प्रार्थना लागते, विरुद्ध बाजू ऐकावी लागते. आणि ‘कुणाला मत दिलंस?’ असं घरात विचारलं, तर ‘ते गुप्त असतं’ एवढं उत्तर पुरतं.

एक मात्र वेगळं ओळखावं. त्याच एका गोष्टीचं पापनिवेदन पुन्हा पुन्हा करूनही मन निवत नसेल, दिवसाचे तास त्यात जात असतील, तर तो श्रद्धेचा प्रश्न उरत नाही. अशांना मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. प्राध्यापकांना तशी गरज पडली नाही. ते समाजाच्या पुढच्या बैठकीला गेले, आपलं मत उभं राहून सांगितलं. दोघे जण अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.