ध्यानात ‘मी’चं काय होतं
अरे, ध्यानानं ‘मी’ नाहीसा होईल म्हणून घाबरू नकोस. बेळगावच्या टिळकवाडीत सेकंड गेटचं रेल्वे फाटक पडलं, उशीर होतोय, की ‘माझंच नशीब असलं’ ही टकळी सुरू होते ना? सरावानंतर छातीतली धडधड, हँडलवर आवळलेली बोटं आधी कळतात. राग असतोच, पण ‘मी रागीट’ हे बिरुद चिकटत नाही. २००७ साली टोरांटोत ८ आठवडे सराव केलेल्यांचे मेंदू तपासले, त्यांतही स्वतःची गोष्ट रचणं आणि आत्ताचं जाणवणं वेगळं पडलेलं दिसलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

रोज १० मिनिटं श्वासाकडे लक्ष ठेवून बस. मन खानापूरला जाईल. हळूच परत आण. आपणच आपल्याला परके वाटलो, तर मात्र रेटू नकोस. डोळे उघड, चार पावलं चाल. तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखव.